वहिनीला झेपेल तो समुद्र: इंदूरहून आयोनियन बेटांत

ग्रीसच्या बेटांमधून शिडाची बोट घेऊन आठवडाभर हिंडायचं, ही कल्पना आतेभावाची. तो इंग्लंडमध्ये राहतो आणि तिथलं डे स्किपरचं, म्हणजे दिवसा बोटीचा कप्तान होण्याचं, प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. बाकीचे आम्ही सगळे इंदूरचे. पुतणी भोपाळच्या बड्या तालावर डिंगी, म्हणजे छोटी शिडाची बोट, चालवायला शिकली आहे. दादाला आणि माझ्या नवऱ्याला चांगलं पोहता येतं. मलाही येतं, पण बोटीचा अनुभव ओंकारेश्वरच्या नावेपुरता. वहिनी नर्मदेवर गेली तरी पायरीवर बसून लोट्यानं पाणी घेते.

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी समोर ठेवून व्हिडिओ कॉल व्हायचे. आतेभावाचं मन सिक्लडीझ बेटांवर होतं. पारोस, नाक्सोस, जमलं तर सँतोरिनी. पांढरी घरं, निळे घुमट, फोटो सगळ्यांनाच आवडले. पण एजियन समुद्राच्या त्या भागात उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी असतो, त्यातून तो उठतो. तुर्कस्तानवरचा हा कमी दाब म्हणजे पाकिस्तान-इराणवरून पसरत गेलेल्या आपल्या मान्सूनच्याच पट्ट्याचं पश्चिमेचं टोक. इंदुरात सरी कोसळत असतात त्या दिवसांत तिकडे निरभ्र आकाशाखाली हा वारा घोंघावत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफोर्ट मापावर ५-६ नेहमीचंच, ७ सुद्धा होतं, आणि एकदा सुरू झाला की सलग काही दिवस थांबत नाही. ६ बोफोर्ट म्हणजे २२ ते २७ नॉट, ताशी साधारण ४० ते ५० किलोमीटर. त्यात एका बेटावरून दुसऱ्यावर जायला उघड्या समुद्रातून तासन्‌तास जावं लागतं.

सप्टेंबरात मेल्तेमी ओसरतो, असं आतेभावाचं म्हणणं होतं, आणि ते खरं आहे. पण मध्येच एखादा झोत आला तर बंदरात अडकून पडायचं आणि विमान चुकवायचं, नाहीतर ज्यांना दोर बांधता येत नाही त्यांना घेऊन ६ बोफोर्टमध्ये बाहेर पडायचं.

तेव्हा पुतणीनं विचारलं, "काका, बंदरात लागताना दोर कोण धरणार?"

सगळी चर्चा त्या एका प्रश्नानं सरळ झाली. ग्रीसमध्ये बोट सहसा धक्क्याला आडवी लावत नाहीत. पुढून नांगर टाकायचा, मागं मागं येत बोटीची मागची बाजू धक्क्याला आणायची आणि दोन कोपऱ्यांवरून दोन दोर काठावर बांधायचे. सुकाणूवर एक, नांगरावर एक, मागच्या दोरांवर दोघं, आणि शेजारच्या बोटींना घासू नये म्हणून फेंडर, म्हणजे हवेच्या उशा, घेऊन दोन बाजूंना दोघं. सहा जणांच्या बोटीवर यातून कोणीच सुटत नाही, वहिनीही नाही. स्किपर कितीही तयार असला तरी तो एकाच ठिकाणी उभा राहू शकतो. माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे की समुद्र निवडायचा तो बोटीवरच्या सर्वांत नवख्या माणसाकडे बघून.

म्हणून आयोनियन ठरला. ग्रीसची पश्चिम बाजू. लेफकादा, मेगानिसी, कालामोस, इथाका, केफालोनिया ही बेटं अशी जवळ जवळ आहेत की एकावरून दुसरं डोळ्यांना दिसतं. रोजची मजल पाच ते पंधरा सागरी मैलांची. भरती-ओहोटी नावापुरती. उन्हाळ्यात सकाळी पाणी शांत, दुपारी माइस्त्रो नावाचा वायव्येचा वारा उठतो, ३-४ पर्यंत जातो, कधी ५, आणि सूर्यास्ताला पडतो. शिकणाऱ्याला याहून चांगलं वेळापत्रक मिळणं कठीण.

बोटही नुसती भाड्यानं न घेता फ्लोटिलात घेतली. म्हणजे दहाएक बोटी एकाच मार्गानं जातात, प्रत्येकीवर आपापली माणसं, आणि बरोबर कंपनीची एक लीड बोट. तिच्यावर स्किपर, इंजिनिअर आणि बाकीची व्यवस्था बघणारी एक मुलगी. रोज सकाळी आजचा वारा, मार्ग आणि बंदर समजावून सांगतात, आणि संध्याकाळी धक्क्यावर दोर घ्यायला उभे असतात.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी: ग्रीसमध्ये स्किपरशिवाय बोट घ्यायची तर एकाकडे मान्य असलेलं प्रमाणपत्र हवं आणि दुसऱ्या एकानं आपल्याला बोटीचं काम येतं असं लिहून द्यावं लागतं. आमच्यात तो दुसरा माणूस म्हणजे पुतणी. प्रमाणपत्रवाला कोणीच नसेल तर स्किपर भाड्यानं मिळतो. त्याचा रोज, त्याचं जेवण आणि त्याला झोपायला जागा आपल्याकडे. तीन केबिनच्या बोटीवर सहा जण असाल तर हा सातवा कुठं झोपणार, ते आधी ठरवा.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघूनच इंदूर सोडलं. पितृपक्षात कशाला जाता, असं आईनं एकदा विचारलं. पण समुद्र उन्हाळाभर तापून ऊबदार असतो आणि गर्दी उतरलेली असते, ती नेमकी याच पंधरवड्यात.

शुक्रवार, अथेन्स ते लेफकादा

अथेन्सहून बस. कोरिंथचा कालवा वरून दिसतो, खडक उभा चिरून काढलेला, १८९३ साली पूर्ण झालेला. पुढं रिओ-अंतिरिओचा पूल, २००४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झालेला. लेफकादा बेट असूनही बस थेट आत जाते, कारण मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये अरुंद कालवा आहे आणि त्यावर तरता पूल. संध्याकाळी खानावळीत मसुराचं सार मिळालं. याच बेटावरच्या एंग्लूवी गावची मसूर ग्रीसभर नावाजलेली आहे. वहिनीनं त्यावर पिशवीतली शेव घातली आणि वाटी संपवली.

शनिवार, निद्री (लेफकादाचंच बंदर)

बोट ताब्यात घेण्याचा दिवस, आणि तो घाईत उरकू नये. एकेक कप्पा उघडून बघितला. लाइफ जॅकेट प्रत्येकानं आपापल्या मापाचं करून ठेवलं. नांगराची साखळी किती मीटर आहे, कुठल्या रंगाची खूण कुठं आहे, हे नवऱ्यानं वहीत लिहून घेतलं, कारण नांगर त्याच्याकडे होता. संडासात कागद टाकायचा नाही आणि पंप भरपूर मारायचा, हे तिथल्या मुलानं तीनदा सांगितलं. शेगडी झुलती असते, बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. पोहे तिच्यावर उत्तम झाले. जीरावन मसाल्याची पुडी सोबत होतीच.

सामान मऊ पिशव्यांतच न्या. चाकांची कडक बॅग बोटीवर ठेवायला जागाच नसते. चपला काढून पांढऱ्या तळव्याचे बूट नाहीतर अनवाणी. आणि दोराच्या गाठी घरूनच शिकून जा. आम्ही इंदूरला गॅलरीच्या कठड्यावर बोलाइन आणि क्लोव्ह हिच घोटून घेतल्या होत्या. वहिनीची बोलाइन सगळ्यांत लवकर बसली.

रविवार, मेगानिसी

सकाळी काचेसारखं पाणी. इंजिनावर निघालो. वाटेत झाडांनी गच्च झाकलेलं स्कॉर्पिओस बेट लागलं. ग्रीक जहाजमालक अॅरिस्टॉटल ओनॅसिसचं हे एकेकाळचं खासगी बेट. जॅकी केनेडीशी त्याचं लग्न इथंच १९६८ साली झालं. मेगानिसीच्या एका खाडीत नांगर टाकला. पाणी इतकं स्वच्छ की साखळीची कडी न कडी तळापर्यंत दिसत होती. पुतणीनं वहिनीला लाइफ जॅकेट घालून शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसवलं. बराच वेळ ती तिथंच बसली होती, पाय पाण्यात सोडून.

दुपारी माइस्त्रो सांगितल्यासारखा आला. आधी पाण्यावर काळसर रेघा, मग गालावर गार झुळूक. पुतणीनं शीड उघडायला सांगितलं ते वाऱ्याकडे बघून, यंत्राकडे न बघता. तलावावर छोट्या बोटीत शिकलेल्याला वारा अंगावर कळतो, आणि ते मोठ्या बोटीवर फार कामाला येतं. नांगर, इंजिन, धक्क्याला लावणं मात्र डिंगीत शिकायला मिळत नाही, तिथं आतेभाऊ तयार. दोघांचं मिळून एक पूर्ण स्किपर होत होतं.

स्पार्तोखोरी गाव उंच कड्यावर आहे आणि खाली स्पीलियाच्या खाडीत खानावळींचे स्वतःचे धक्के. तिथं जेवलात की बोट ठेवायचे पैसे नाहीत. संध्याकाळी वर चढून गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या कुंड्या खांद्याला लागतात. दारात बसलेल्या एका आजींनी वहिनीच्या मंगळसूत्राला हात लावून काहीतरी विचारलं, वहिनीनं दादाकडे बोट केलं, आणि त्या जोरात हसल्या.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. पिवळ्या डाळीचा फावा, मोठ्या पांढऱ्या वालांचे गिगांतेस, भाज्या भाजून केलेलं ब्रियाम, पालकाचा स्पनाकोपिता हे जवळजवळ सगळीकडे मिळतं.

सोमवार, कालामोस

हा दिवस आठवला की अजून हाताला सुकाणू जाणवतं. दुपारी वारा ४ वर आणि मेगानिसीमागं समुद्र थोडा उघडा. बोट कलली आणि खालच्या कपाटातले डबे एका बाजूला धडधडले. वहिनीनं कॉकपिटची, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीची, कड दोन्ही हातांनी धरली. अशा वेळी धीर देणारं बोलून काही होत नाही. आतेभावानं एक रीफ घेतला, म्हणजे शिडाचा एक पट्टा गुंडाळून ते लहान केलं, बोट थोडी सरळ झाली, आणि मग तो तिला म्हणाला, "वहिनी, हा दोर सोडला की बोट लगेच सरळ होते. हा तुमच्याकडे ठेवा." तिनं एकदा खरंच सोडून बघितला. शीड फडफडलं आणि बोट उभी राहिली. तिनं मान हलवली, दोर पुन्हा विंचवर घ्यायला सांगितला, आणि तिथून बंदरापर्यंत तो दुसऱ्या कोणाला दिला नाही.

याच वाऱ्यात मीही सुकाणू धरलं. पाइनच्या झाडांनी झाकलेला कालामोसचा डोंगर समोर ठेवायचा, एवढंच सांगितलं होतं. पाठीमागून लेफकादा, उजवीकडं लांब इथाका. कुठंही हरवायची सोय नाही, आणि नवख्याला ही किती मोठी गोष्ट आहे ते हातात चाक आल्यावर कळतं.

संध्याकाळी खानावळीत एका म्हाताऱ्या खलाशाशी ओळख झाली. चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली. मुंबई माहीत, कांडलाही माहीत. इंदूर कुठं, म्हणून त्यानं कागदी टेबलक्लॉथवर भारताचा नकाशा काढला, आश्चर्य वाटावं इतका बरोबर. आम्ही मधोमध टिंब दिलं. त्यावर तो म्हणाला, मग तुम्हाला पोहता येत नसणार. वहिनी म्हणाली, मला येत नाही. त्यानं छातीवर हात ठेवला: मलाही कधी आलं नाही. वहिनीनं ते आम्हाला दोनदा मराठीत सांगितलं, जणू आम्ही ऐकलंच नव्हतं.

मंगळवार, इथाका

कालामोसच्या दुसऱ्या टोकाला पोर्तो लिओने म्हणून ओसाड गाव आहे. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपांनंतर लोक ते सोडून गेले. भिंती उभ्या, छपरं नाहीत. देऊळ तेवढं नीटनेटकं राखलेलं, आत दिवा. आम्ही खाडीत दुपारचं जेवण केलं आणि सगळे हळू आवाजात बोलत होतो.

मग इथाका, होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसचं बेट. किओनी बंदराच्या तोंडाशी पवनचक्क्यांचे पडके बुरूज आहेत आणि आत घरं पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली. बंदर लहान आणि खोल, त्यामुळं साखळी भरपूर सोडावी लागते. इथं दुपारी लवकर पोचा, दोन वाजल्यानंतर जागेची खात्री नाही. दोराचा एक फेक दादाचा, एक वहिनीचा. वहिनीचा पहिल्यांदाच काठावर गेला.

बुधवार, फिस्कार्दो

सकाळी नांगर उचलताना शेजारच्या बोटीची साखळी आमच्या नांगरावर आडवी आली. रात्री उशिरा आलेल्यांनी ती टाकली होती. नवऱ्यानं नांगर पाण्याबाहेर आणला तर त्यावर दुसऱ्याची जड साखळी लोंबकळतेय. लीड बोटीचा इंजिनिअर छोट्या रबरी बोटीतून आला, साखळीखालून एक दोर घालून ती आमच्या बोटीच्या पुढच्या कठड्याला टांगली, नांगर थोडा खाली सोडायला लावून मोकळा केला, आणि मग दोर सोडला. पाच मिनिटांचं काम, पण कसं ते माहीत असेल तर. ग्रीसच्या लहान बंदरांत हे होतच राहतं, आणि पहिल्या खेपेला फ्लोटिला घ्या असं मी सगळ्यांना आग्रहानं सांगते ते यासाठी.

फिस्कार्दो केफालोनियाच्या उत्तर टोकाला. १९५३ च्या भूकंपात केफालोनियातली बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, हे गाव वाचलं. म्हणून व्हेनिसच्या काळातल्या धाटणीची जुनी घरं अजून इथं बघायला मिळतात. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. गर्दी मात्र खूप. धक्क्यावर जागा नव्हती, तेव्हा समोरच्या खडकाळ काठावर नांगर आणि झाडाला लांब दोर असं बांधलं. पुतणी पोहत दोर घेऊन गेली.

संध्याकाळी लीड बोटीवरून निरोप आला. उद्या दुपारनंतर गडगडाटी पाऊस, आधी दक्षिणेचा वारा. ठरलेला मार्ग रद्द, पहाटे निघून लेफकादाच्या दक्षिणेचं सिवोता गाठायचं.

गुरुवार, सिवोता

उजाडताच निघालो. दक्षिणेचा वारा पाठीशी, पुढचं शीड अर्धं उघडलेलं, इंजिन चालू. साधारण दहा मैल. सिवोताचं तोंड समुद्रावरून दिसतच नाही. टेकड्यांच्या आड वळसा घेऊन आत गेलं की एकदम बंद खाडी लागते. अकराच्या आत सगळ्या बोटी बांधून झाल्या. तीन वाजता आभाळ काळं झालं आणि इंदुरात जुलैत पडतो तसा पाऊस कोसळला. वळवाची वीज टेकड्यांवर. आम्ही आत बसून खिचडी केली.

आयोनियन सौम्य आहे याचा अर्थ तिथं काही होत नाही असा नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं भूमध्य समुद्रातलं चक्रीवादळ याच केफालोनिया-इथाकावर येऊन आदळलं होतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून गडगडाटी पाऊस वाढतो, हवामान रोज दोनदा बघायलाच हवं. फरक इतकाच की इथं सुरक्षित खाडी दोन-तीन तासांवर असते. नवखी माणसं बरोबर असताना नकाशावर मी आता हेच अंतर आधी बघते: कुठूनही निघालो तरी आसरा किती तासांवर.

त्या दुपारी रिकामा वेळ होता तेव्हा आतेभावाकडून बाकीचे भाग समजून घेतले. सारोनिक आखात अथेन्सला लागूनच, एजिना, पोरोस, ईद्रा, एपिदावरोस. प्रवास कमी, मेल्तेमी पोचतो पण जोर बहुधा कमी. ईद्राच्या बंदरात मात्र नांगरांचा गुंता ठरलेला. आयोनियननंतर दुसऱ्या खेपेला हे चांगलं. तुर्कस्तानात ग्योचेक-फेथियेच्या खाड्या झाकलेल्या आहेत, आणि ज्यांना दोराला हातच लावायचा नाही त्यांच्यासाठी तिथं खलाशांसकट लाकडी गुलेत मिळतात. सिक्लडीझला जायचं तर बोटीवर निदान तीन-चार जण असे हवेत की वारा ६ झाला तरी न सांगता रीफ घेतील. आणि आपल्याला भारतातून जवळ पडतो तो थायलंडचा फुकेत. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा, फांग न्गाच्या उपसागरात चुनखडीच्या सुळक्यांआड सपाट पाणी. तिथं भरती-ओहोटी आहे, नांगर टाकताना तिचा हिशेब करावा लागतो.

शुक्रवार, परत निद्री

पावसानंतरची हवा धुतल्यासारखी. वारा ३. वहिनीनं सुकाणू मागून घेतलं आणि मेगानिसी डावीकडं न ठेवता उजवीकडं ठेवून उत्तरेला जायचं हे स्वतः नकाशावर बघून सांगितलं. व्लिखोच्या खाडीत शेवटचा नांगर. चिखलाचा तळ, नांगर घट्ट बसतो. दादा आणि पुतणी पोहले. वहिनी जॅकेट घालून शिडी सोडून दोन हात लांब गेली, दोर कमरेला, बोलाइन तिनं स्वतः बांधलेली.

शनिवार

बोट परत देताना पाणबुड्या खालून तळ तपासतो, तो वर येऊन बोलेपर्यंत तिथंच थांबा आणि अनामत परत मिळाल्याचा कागद घ्या.

बसची वाट बघताना वहिनीला देवासहून बहिणीचा फोन आला. तिच्या यजमानांनी आमचे फोटो बघून पुढच्या जुलैत सँतोरिनीला बोट घ्यायचं मनावर घेतलंय. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. प्रमाणपत्र कोणाकडे आहे? दुसरा कोण? नांगरावर कोण उभं राहणार? मागचे दोन दोर कोणाकडे? पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग वहिनी म्हणाली, "तर मग जुलैत नको, आणि सँतोरिनी तर नकोच. कागद-पेन घे, मी नावं सांगते. पहिलं लिही, लेफकादा."